जबड्यातली शिल्लक

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला पाऊस बेताचा. वर्षाकाठी चारशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. १९७२च्या दुष्काळानंतर हे गाव पार खचलं होतं. पुढे १९८९-९०च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, नव्वदच्या दशकात गाव आदर्श गाव योजनेत आलं, डोंगरावर समतल चर खोदले गेले, बंधारे झाले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आली. ही गोष्ट महाराष्ट्राला आता पाठ आहे, २०२०च्या पद्मश्रीनंतर तर जास्तच. मला मात्र त्या गावाची एक सवय या सगळ्याहून मोलाची वाटते. पाऊस सरला की तो किती पडला, विहिरींची पातळी कुठे आहे, हे मोजायचं. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं. उरेल त्यावर ग्रामसभेत बसून रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं. ऊस, केळी यांना शिवारात जागा नाही. शेतीसाठी बोअर घ्यायला परवानगी नाही.

दातांच्या प्रकरणात पाण्याचा ताळेबंद कशाला, असं कुणी विचारेल. दात गेलेला माणूस दवाखान्यात जातो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘डॉक्टर, फिक्स दात बसवायचे, किती पैसे लागतील?’ म्हणजे पीक आधीच ठरलेलं, विहिरीत अजून कुणी डोकावलेलं नाही. जबड्यात हाड किती उरलंय, कुठे उरलंय आणि कसल्या प्रतीचं आहे, याच्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. कवळी की हाडात बसवायचा स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, दोन स्क्रू की सहा, हाड भरायचं की नाही, हे प्रश्न त्यानंतरचे.

या हाडाचा स्वभाव जरा वेगळा आहे. जबड्याचा खालचा, पायाचा भाग जन्मभर टिकतो. दातांची मुळं ज्यात रुतलेली असतात तो वरचा कंगोरा मात्र दातांसाठीच तयार होतो आणि दातांबरोबरच जातो. दाताचं मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं. मधे बारीक धाग्यांचा एक थर असतो. आपण चावतो तेव्हा ते धागे ताणले जातात, तो ताण हाडाला पोचतो आणि ‘माझी गरज आहे’ एवढं हाडाला कळत राहतं. दात काढला की ताण संपतो. शरीर काटकसरी असल्यामुळे बिनकामाचं हाड ते पोसत नाही. दात काढल्यावर पहिल्या वर्षभरात त्या जागच्या कंगोऱ्याची रुंदी जवळपास निम्मी होते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच उरकते. पुढच्या दातांच्या ओठाकडच्या बाजूला हाडाची भिंत मुळातच कागदासारखी पातळ असते, ती सगळ्यांत आधी जाते.

नंतर झीज मंदावते, थांबत नाही. टालग्रेन या संशोधिकेने पूर्ण कवळी वापरणाऱ्यांच्या पंचवीस वर्षांच्या एक्स-रेंचा अभ्यास १९७२मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की कंगोरा वर्षानुवर्षं खचतच राहतो आणि खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट असते. शिवाय वरचा जबडा झिजताना आत सरकतो आणि खालचा बाहेर. म्हणून बोळक्या म्हाताऱ्याची हनुवटी पुढे येते, ओठ आत जातात आणि नाक हनुवटीला भेटायला निघाल्यासारखं दिसतं. हे वयाने होतं असा आपला समज असतो. खरं तर ते दात नसण्याने होतं. तिशीत सगळे दात गेलेल्या माणसाचा चेहराही पन्नाशीत असाच झालेला असतो.

बरं, दात काढायच्या आधीच हाड गेलेलं असण्याची शक्यता आपल्याकडे मोठी. त्याला कारण पायरिया. दातांवर साचलेल्या किटणातले जंतू हिरडीखाली उतरतात, त्यांच्याशी झुंजताना शरीर स्वतःचंच हाड मागे घेतं आणि दात हलू लागतो. दुखत बहुधा नाही, हीच यातली फसवणूक. मधुमेह असेल तर झीज वेगाने होते, आणि हिरड्या सुजलेल्या असतील तर साखरही आटोक्यात राहत नाही. तंबाखू त्यावर पांघरूण घालते. निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे ब्रशला रक्त लागत नाही आणि माणसाला वाटतं आपल्या हिरड्या ठणठणीत आहेत.

महाराष्ट्रात या तंबाखूचं एक खास घरगुती रूप आहे, मिश्री. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, पूड करायची आणि सकाळी दातांवर घासायची. मग दुपारी, मग संध्याकाळी. ज्या आज्यांनी जन्मात विडी ओढली नाही, त्यांच्या तोंडात ही पूड पन्नास-पन्नास वर्षं होती. दात घट्ट होतात या समजुतीने त्या ती लावत आणि त्याच पुडीपायी दात सैल होत. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी चारात एकाहून थोडे अधिक लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, त्यातही धुराविना खाल्ल्या-लावल्या जाणाऱ्या तंबाखूचा वाटा फार मोठा. राज्याने जुलै २०१२मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तिचं पुढे काय झालं ते कुठल्याही एसटी स्थानकाच्या कोपऱ्यात दिसतं. हिवरे बाजारची नशाबंदी याहून वेगळी ठरली, कारण ती गावाने स्वतःवर घालून घेतली. दुकानात गुटखा-तंबाखू विकायची नाही, हे ग्रामसभेने ठरवलेलं. पाणी आणि दारूबंदीसाठी या गावाचं नाव सगळे घेतात, त्याच बंदीने जबड्याचं हाडही वाचतं हे मात्र कुणी सांगत नाही.

आणखी एका समजुतीने बरंच हाड खाल्लंय. वरची दाढ काढली की नजर जाते, ही ती समजूत. दाढेचा आणि डोळ्याच्या दृष्टीचा काडीचा संबंध नाही. पण या भीतीपायी माणसं किडकी, पू धरलेली दाढ वर्षानुवर्षं तोंडात ठेवतात आणि ती मुळाभोवतीचं हाड पोखरत बसते. वेळेवर काढली असती तर निदान खड्डा तरी धड राहिला असता. काढतानाच त्या खड्ड्यात हाडाची भुकटी भरून तो झाकण्याची सोय हल्ली आहे. पुढे स्क्रू बसवायचा विचार असेल तर दाढ काढण्याच्या दिवशीच हे विचारावं. सहा महिन्यांनी विचारून फारसा उपयोग नाही.

मोजणी कशी होते? आधी बोटाने. अनुभवी डॉक्टर कंगोऱ्यावरून बोट फिरवतो तेव्हा त्याला निम्मी हकीकत कळते. मग सगळ्या जबड्याचा एक्स-रे. त्यात उंची दिसते, जाडी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी नावाचा स्कॅन लागतो. त्यात जबडा ब्रेडच्या कापांसारखा आडवा-उभा कापून पाहता येतो, तेही साध्या सीटी स्कॅनहून बऱ्याच कमी किरणांत. खालच्या जबड्यातून एक मज्जातंतू जातो आणि हनुवटीच्या दोन्ही बाजूंना एका छिद्रातून बाहेर येतो. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते, आणि दाढा गेल्यावर ती खाली पसरत येते. स्कॅनमध्ये या दोन्हींपर्यंत हाड किती उरलंय ते मिलिमीटरमध्ये मोजलं जातं. दहा मिलिमीटर उंची आणि सहा मिलिमीटर जाडी हातात असेल तर डॉक्टर निवांत असतो. चार मिलिमीटर निघाले की तो खुर्ची पुढे ओढतो.

हाड फारच कमी असेल तेव्हाही कवळीचा पर्याय असतोच. तिला कमीपणा मानायचं कारण नाही. नीट केलेली वरची कवळी छान बसते. टाळूचं मोठं क्षेत्र तिला मिळतं, लाळेच्या पातळ थराने ती चिकटून राहते आणि कडा बरोबर असतील तर आत हवा शिरत नाही. रडकथा असते ती खालच्या कवळीची. तिला मिळतं वरच्याच्या निम्मं क्षेत्र, तेही घोड्याच्या नालाच्या आकाराचं, आणि मधोमध जीभ दिवसभर वळवळत असते. त्यात कंगोरा सपाट झालेला असला की कवळी तरंगते. झीज आणखी पुढे गेलेली असेल तर हनुवटीजवळचा तो मज्जातंतू थेट कवळीखाली येतो आणि घास चावला की वीज चमकल्यासारखी कळ उठते. अशा माणसाला ‘सवय होईल’ असं सांगून घरी पाठवणं बरोबर नाही.

खालची कवळी करण्याच्या काही पद्धती फक्त अशा झिजलेल्या जबड्यांसाठी आहेत. एका पद्धतीत माप घेताना रुग्णाला गिळायला, बोलायला, ओठ मुडपायला लावतात. गालाचे स्नायू आत ढकलतात, जीभ बाहेर ढकलते, आणि दोघांची ओढ जिथे बरोबरीला येते नेमक्या त्या पट्ट्यात दात मांडतात. याला वेळ लागतो, बैठका जास्त लागतात, म्हणून घाईच्या दवाखान्यात हे होत नाही. दंत महाविद्यालयांत कृत्रिम दंतविभागाचे विद्यार्थी मात्र अशी कवळी तीन-चार वेळा काढून-घालून निगुतीने करतात. नगर जिल्ह्यातच प्रवरेचं लोणीचं ग्रामीण दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालय आहे. बस बदलून जायची तयारी असेल तर माझं मत तिकडे जावं असंच आहे.

तरी कवळीची एक मर्यादा कुठल्याही कौशल्याने जात नाही. खऱ्या दातांनी जेवढा जोर लावता येतो, त्याचा चौथा-पाचवा हिस्साच कवळीवर लागतो. डिसेंबर-जानेवारीत नगरकडे शेतात हुरडा पार्ट्या होतात. भाजलेलं कोवळं कणीस, शेंगदाण्याची चटणी, गूळ. कवळीवाला माणूस तिथे दही खात बसलेला असतो. बाजरीची भाकरी तो दुधात कुस्करतो, ऊस सोडून देतो, शेंगदाण्याचा कूट करून घेतो. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण दुष्काळ पाहिलेल्या पिढीला अगदी शब्दशः लागू पडली. तरुणपणी दात होते आणि रोजगार हमीच्या खडीवर राबून पोट भरत नव्हतं. आता घरात कांदा, दूध, पैसा आहे आणि जेवणाची वेळ झाली की आजोबा म्हणतात, ‘मला मऊ काहीतरी दे गं, सूनबाई.’

या माणसांसाठी सगळ्यांत चांगला उपाय माझ्या मते सगळ्यांत साधा आहे, आणि त्याची जाहिरात सगळ्यांत कमी होते. खालच्या जबड्यात हनुवटीच्या भागात दोन स्क्रू बसवायचे आणि कवळी त्यांना टिचबटणांसारखी अडकवायची. कवळी काढता-घालता येते, पण बोलताना-खाताना उचकटत नाही. कितीही झीज झाली तरी हनुवटीतलं हाड बहुधा शेवटपर्यंत टिकतं, आणि ते घट्टही असतं. त्या भागात मज्जातंतूचा त्रास नाही, सायनस नाही. २००२मध्ये कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांची एक बैठक झाली. खालच्या जबड्यात एकही दात नसलेल्या माणसाला साध्या कवळीऐवजी दोन स्क्रूंची कवळी हाच पहिला पर्याय मानावा, असा निष्कर्ष तिथे निघाला. त्याला दोन दशकं होऊन गेली. आपल्याकडे मात्र ‘सगळे फिक्स दात’ आणि ‘साधी कवळी’ या दोनच पाट्या दिसतात. दोन स्क्रूंवर कुणाला मोठं बिल करता येत नाही, हेही त्याचं एक कारण असावं.

हे स्क्रू हाडात टिकतात कसे, याची गोष्ट सशापासून सुरू होते. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनमार्क १९५०च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक छोटी दुर्बिणीसारखी नळी बसवून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर निघेना. हाड तिला जिवंतपणे धरून बसलं होतं. टायटॅनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि शरीर त्या थराला परकं मानत नाही. ब्रोनमार्क दातांचे डॉक्टर नव्हते, पण यातून काय होऊ शकतं हे त्यांना उमगलं. १९६५मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात स्क्रू बसवले. लार्सनच्या जबड्यात जन्मतःच दोष होता. चावणं, बोलणं दोन्ही अवघड. २००६मध्ये तो वारला तेव्हाही ते स्क्रू त्याच्या तोंडात होते, चाळीस वर्षं होऊन गेली होती. दंतवैद्यकाच्या जगाने ब्रोनमार्कचं म्हणणं मनावर घ्यायला मात्र १९८२च्या टोरोंटोच्या परिषदेपर्यंत वाट पाहायला लावली.

स्क्रूने आणखी एक गोष्ट साधते. चावताना त्याच्यावर येणारा भार हाडाला पोचतो, त्यामुळे त्याच्या आजूबाजूचं हाड बरंचसं राखलं जातं. बाकी कंगोऱ्याची झीज सुरूच राहते.

समजा हाड कमी आहे आणि रुग्णाला काढायची-घालायची कवळी मुळीच नको आहे. मग वाटा दोन. हाड वाढवायचं, किंवा आहे त्यातून मार्ग काढायचा.

हाड वाढवण्यात सर्वांत भरवशाचं रुग्णाचं स्वतःचं हाड. थोडं लागत असेल तर ते हनुवटीतून किंवा अक्कलदाढेच्या मागच्या भागातून घेतात, जास्त लागत असेल तर कमरेच्या हाडातून. वरच्या दाढांच्या जागी सायनसचा पडदा अलगद वर उचलून खाली भुकटी भरतात. मग चार ते नऊ महिने थांबायचं. शरीराने त्या भुकटीच्या जागी स्वतःचं हाड विणलं की स्क्रू. ज्याला लग्नसराईपर्यंत दात हवेत त्याने या वाटेला जाऊ नये.

दुसऱ्या माणसाचं हाडही वापरता येतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८पासून ऊतीपेढी आहे. दात्यांकडून मिळालेलं हाड आणि गर्भवेष्टन तिथे प्रक्रिया करून, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून रुग्णालयांना पुरवलं जातं. रक्तपेढी, नेत्रपेढी सगळ्यांना ठाऊक आहेत. हाडांचीही पेढी असते आणि ती आपल्याच परळला आहे, हे मराठी वाचकाला सहसा माहीत नसतं.

आणि तिसरा प्रकार, ज्याबद्दल दवाखान्यात फार कमी बोललं जातं. बाजारात सर्वाधिक चालणारी काही भुकटी गाईच्या हाडापासून केलेली असते. बायो-ऑस हे त्यातलं जगभर नावाजलेलं उदाहरण. सगळे सेंद्रिय अंश काढून टाकलेली, निव्वळ खनिज उरलेली ही भुकटी सुरक्षित आहे, तिचे निकाल चांगले आहेत. तिच्यावर घालायचा पडदा बऱ्याचदा डुकराच्या कोलॅजेनचा असतो. यात शास्त्राचा काही प्रश्न नाही. पण माळ घातलेल्या वारकऱ्याला, जैन कुटुंबाला किंवा मुसलमान रुग्णाला हे आधी सांगायला हवं, आणि कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटची भुकटी किंवा स्वतःचं हाड हे पर्याय समोर ठेवायला हवेत. संमतीपत्रावर इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलेलं असणं म्हणजे सांगणं नव्हे.

दुसरी वाट म्हणजे हाड न भरता निभावणं. नेहमीचा स्क्रू आठ ते तेरा मिलिमीटरचा असतो, पण सहा मिलिमीटरचे आखूड स्क्रूही मिळतात आणि योग्य जागी ते चांगले टिकतात. लिस्बनच्या पाउलो मालो यांनी चार स्क्रूंची पद्धत रुळवली. पुढचे दोन सरळ, मागचे दोन तिरके. तिरकेपणामुळे सायनस किंवा मज्जातंतू टाळता येतो आणि एका जबड्याचे सगळे दात त्या चारांवर उभे राहतात. वरच्या जबड्यात तेवढंही हाड नसेल तर गालाच्या हाडाचा आधार घेतात. त्यासाठीचा स्क्रू तीस ते बावन्न मिलिमीटरचा, टाळूकडून सुरू होऊन सायनसच्या कडेने थेट गालफडात जाणारा. पीक हातचं जाऊ नये म्हणून घेतलेला हा खोल बोअरच. कधी कधी तो घ्यावाच लागतो, पण घेणाऱ्याचा हात मुरलेला हवा, कारण वर डोळ्याची खोबण आहे. ‘तीन दिवसांत दात’ अशी जाहिरात असलेले बेसल स्क्रूही याच तत्त्वावरचे. वरच्या झिजणाऱ्या हाडाला सोडून खालच्या टणक हाडात ते रोवतात. काही रुग्णांना त्यांचा फायदा होतो. पण ते बिघडले तर दुरुस्त करणारा दुसरा डॉक्टर जिल्ह्यात आहे का, हे आधी पाहावं. मोफत शिबिरात तपासून त्याच दिवशी आगाऊ रक्कम मागणाऱ्याकडे तर उभंही राहू नये.

हाड झिजत नाही, एका रात्रीत कापून काढावं लागतं, अशीही माणसं असतात. २०२१च्या मे महिन्यात हिवरे बाजारचं नाव पुन्हा राज्यभर झालं. गावाने घरोघर तपासणी करून, बाधितांना वेगळं ठेवून कोरोनाची साथ आटोक्यात आणली होती, आणि महिनाअखेरीस मुख्यमंत्र्यांनी राज्यापुढे उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख केला. त्याच आठवड्यांत महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत म्युकरमायकोसिसच्या रुग्णांची रीघ लागली होती. ही बुरशी मातीत, कुजक्या पाचोळ्यात एरवीही असते, श्वासातून नाकात जाते, आणि धडधाकट माणसाचं काही बिघडवत नाही. अनियंत्रित मधुमेह आणि त्यावर कोरोनासाठी दिलेली स्टिरॉइडं, असा योग जुळला की ती रक्तवाहिन्यांत शिरते. रक्त तुटलेलं हाड मरतं. नाकाला लागून असलेला वरचा जबडा तिच्या पहिल्या तडाख्यात सापडायचा. ॲम्फोटेरिसिन बी मिळवायला नातेवाईक रात्ररात्र फोन करत होते, आणि औषध मिळालं तरी मेलेलं हाड काढावंच लागायचं. अनेकांचा अर्धा, काहींचा पूर्ण वरचा जबडा गेला. जीव वाचला. पण घरी आल्यावर पाणी प्यायलं की नाकातून बाहेर, आणि बोललेलं घरच्यांनाही कळेना.

अशा रुग्णाला दाताआधी टाळू लागते. ऑब्च्युरेटर म्हणजे टाळूचं भोक बुजवणारी, दात लावलेली पट्टी. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या अम्ब्रोआज पारे यांनी स्पंज लावलेल्या अशा बुचाचं वर्णन करून ठेवलं आहे, कल्पना तीच, साहित्य बदललं. शस्त्रक्रियेच्या वेळी एक तात्पुरती, जखम आकसत असताना दुसरी, आणि सगळं स्थिरावलं की कायमची तिसरी. पट्टी घातल्या घातल्या माणूस स्पष्ट बोलतो, गरम चहा पितो. दोन्ही बाजूंचा जबडा गेला असेल तर पट्टीला धरायला काही उरत नाही. मग गालाच्या हाडातले लांब स्क्रू, किंवा स्कॅनवरून त्या एकाच रुग्णासाठी घडवलेली टायटॅनियमची जाळी. मात्र साखर काबूत आणि बुरशी परतलेली नाही याची खात्री झाल्याशिवाय यातलं काहीच करत नाहीत.

तोंडाच्या कर्करोगात खालचा जबडा कापला गेला तर पोटरीतलं बारीक हाड कामाला येतं. पायात दोन हाडं असतात, भार मुख्यतः जाड हाड पेलतं. बारीक हाडाचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढून, जबड्याच्या वळणाने कापून-जुळवून, मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९मध्ये जबड्यासाठी ही शस्त्रक्रिया केल्याचं प्रसिद्ध केलं. हल्ली तंबाखूने गांजलेल्या महाराष्ट्रातल्या मोठ्या कर्करोग रुग्णालयांत ती नेहमीची आहे. पायातून आलेल्या त्या हाडात पुढे दाताचे स्क्रूही बसतात. किरणोपचार झालेल्या जबड्यात मात्र फार जपून. किरणांनी हाडाचा रक्तपुरवठा मंदावतो आणि साधी दाढ काढल्यावरही जखम वर्षभर भरत नाही, असं घडतं.

जखम न भरण्यावरून आठवलं. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याला एक गोळी किंवा वर्षाला एक इंजेक्शन घेणाऱ्या बायका आता गावोगावी आहेत. ॲलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड ही त्यांतली नावं. ही औषधं हाडाची झीज थांबवतात, आणि क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून मरायलाही कारण होतात. गोळ्यांत हा धोका अगदी थोडा, कर्करोगासाठीच्या मोठ्या मात्रेत बराच. म्हणून दाताच्या डॉक्टरकडे जाताना औषधांची पिशवी बरोबर न्यावी, आणि औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. तीन महिन्यांची साखर तपासून न्यावी. तंबाखू, मिश्री, विडी काही चालू असेल तर खरं सांगावं. डॉक्टर रागावेल म्हणून लपवलं तर स्क्रू हाडाला धरत नाही आणि पैसे पाण्यात जातात. इम्प्लांटचा खर्च बहुतेकांना स्वतःच्या खिशातूनच करावा लागतो, तेव्हा हे पैसे कापसाच्या पट्टीतून किंवा दुधाच्या पगारातून आलेले असतात.

बसवलेल्या स्क्रूला कीड लागत नाही, पण पायरिया लागतो. त्याच्याभोवतीची हिरडी सुजते आणि पुन्हा हाड मागे सरकू लागतं, आणि इथेही दुखत नाही. बारीक ब्रशने स्क्रूच्या मानेभोवती रोज साफ करायचं, सहा महिन्यांनी दाखवायचं, वर्षाने एक्स-रे. टिचबटणाच्या कवळीतली प्लॅस्टिकची टोपी काही महिन्यांनी सैल होते, ती स्वस्तात बदलून मिळते. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची. खालचे पुढचे दात शाबूत आणि वर पूर्ण कवळी अशी जोडी असेल तर वरचा पुढचा कंगोरा लवकर चेपून लिबलिबीत होतो, म्हणून अशांनी तपासणी चुकवायची नाही.

आणि स्क्रू बसवून झाला की त्याची कंपनी, व्यास, लांबी आणि तारीख लिहिलेलं कार्ड मागून घ्यायचं. प्रत्येक कंपनीचा पेच वेगळा, चावी वेगळी. पंधरा वर्षांनी आतली एखादी पिन तुटली आणि मूळ डॉक्टर गाव सोडून गेलेला असला, तर दुसऱ्या डॉक्टरला त्या कार्डाशिवाय कुठली चावी लावायची तेच कळत नाही. रेशनकार्डाच्या पिशवीतच ते ठेवावं, म्हणजे सापडतं.